पावशेर तूप

आक्कांची टपालपेटी

संपादकांनी या अंकाचा विषय कळवला: आयुष्यातली नवलं, हालअपेष्टा आणि अध्यात्माची वाट. मी लगेच फोन लावला. म्हटलं, अहो, एवढा मोठा विषय माझ्या गळ्यात कशाला? मी सरकारी दवाखान्यातली सिस्टर. ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ बाळंतपणाच्या खोलीत. माझं तत्त्वज्ञान एवढंच, की हात धुवा, घड्याळ बघा, नोंद करा. ते हसले आणि म्हणाले, पत्रं तर तुमच्याच नावावर येतात. खरंच आली. त्यातली चार घेतली आहेत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

नाशिकहून

"आक्का, मी ३४ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. मार्चमध्ये माझं दुसऱ्यांदा पोटातलं गेलं, अकराव्या आठवड्यात. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी कुणा महाराजांना माझी पत्रिका दाखवली. मागच्या जन्मीचा दोष निघाला. शांतीचे ५१ हजार सांगितलेत. नवरा म्हणतो, देऊन टाकू, निदान आईच्या मनाला बरं वाटेल. मी लग्नाआधीपासून रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावते. आता काडी ओढावीशी वाटत नाही. लावलाच तर मनात 'का?' एवढा एकच शब्द येतो, दुसरी प्रार्थना सुचत नाही. माझी श्रद्धा संपली का? आणि खरं सांगणारं माणूस शोधायचं तरी कुठे?"

पोरी, आधी सिस्टर बोलेल, मग आक्का.

दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० बायकांमध्ये साधारण १० ते २० जणींचा गर्भ पडतो, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं, आपलंच असं झालं. या पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांचं कारण गुणसूत्रांत असतं. अगदी सुरुवातीलाच मोजणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्तीचं येतं किंवा कमी पडतं, आणि गर्भाची वाढ थांबते. तू स्कूटरवर बसलीस, जिना चढलीस, पपईची एखादी फोड खाल्लीस, बँकेत मार्चअखेरची धावपळ केलीस, त्यामुळे हे झालेलं नाही. मागच्या जन्मामुळे तर नाहीच. मागच्या जन्माचा केसपेपर कुठल्याही फायलीला लावलेला मी ३३ वर्षांत पाहिला नाही.

दोनदा झालंय, तेव्हा आता चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासण्या करून घे. थायरॉइड, साखर, गर्भाशयाची ठेवण, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आहे का ते, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर तुम्हा दोघांची गुणसूत्रं. 'दोघांची' हा शब्द नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. पुष्कळदा तपासण्यांत काहीच सापडत नाही आणि पुढच्या वेळी सगळं सुखरूप पार पडतं. अशा कितीतरी जणींची बाळं मी या हातांनी पुसून त्यांच्या छातीवर ठेवली आहेत. ते ५१ हजार बाजूला काढलेच असतील तर तपासण्यांसाठी राहू देत.

आता आक्का. सांगणारं माणूस कुठे शोधू, असं विचारतेस. देहूचे तुकोबा बघ. १६३० च्या सुमाराला दुष्काळ पडला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं, गावातली पत गेली, पहिली बायको अन्न अन्न करत मेली. हे कुणा कीर्तनकाराने पदरचं घातलेलं नाही, त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. आणि त्यांना गुरू भेटला कुठे? स्वप्नात. आंघोळीला जाताना वाटेत एक जण भेटला, त्याने डोक्यावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबा म्हणतात, मला स्वप्नातच त्याचा विसर पडला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, अशी नोंद आहे. गुरूचं नाव बाबाजी, मंत्र रामकृष्णहरी. हा मंत्र आपल्याकडे एसटीत खिडकीशी बसलेला म्हातारा जांभई देताना म्हणतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि दक्षिणेचा तर उल्लेखच नाही. तुपाची बाकी मात्र नोंदलेली आहे. दुकानदारीतला माणूस, येणं-देणं लिहून ठेवायची सवय जात नाही. लहानपणापासून मी कीर्तनात हा प्रसंग ऐकते आणि दर वेळी माझं मन त्या तुपापाशीच अडतं. एवढा गुरू, एवढा शिष्य, आणि दोघांत व्यवहार केवढा? पावशेर तूप, आणि तेही द्यायचं राहून गेलं.

मला ज्यांनी काही शिकवलं त्यांतल्या कुणीच आपण शिकवतोय असं म्हटलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एका बाईला पूर्ण दिवसांचं मेलेलं मूल झालं. तेव्हाची रीत अशी, की ते आईला दाखवायचं नाही, दुपट्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हाती द्यायचं, म्हणजे ती लवकर विसरते. ती म्हणाली, "सिस्टर, एकदा मांडीवर द्या." मी दिलं नाही. वरिष्ठांचा शब्द मोडायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही ती रीत बरोबर वाटत होती. तिसऱ्या दिवशी घरी जाताना तिने मला विचारलं, "केस होते का हो त्याला?" मी बघितलंच नव्हतं. पुढच्या ३० वर्षांत असं मूल न दाखवता मी कधी बाहेर दिलं नाही. दाखवायचं, मांडीवर द्यायचं, हवा तेवढा वेळ राहू द्यायचं. त्यावरून बोलणी खाल्ली, ती खाल्ली. त्या बाईचं गाव मला आठवत नाही, चेहराही धूसर झालाय. तो प्रश्न मात्र रोज ड्यूटीवर चढताना माझ्याबरोबर असायचा.

तेव्हा शोधायला लांब जाऊ नकोस. तुझ्या बँकेतच कुणीतरी असेल, जिचं असंच गेलंय आणि जी बोलली नाही. एकदा तू बोल, मग बघ.

राहिला तुझा 'का?'. मी फलटणची. आमच्या गावात माउलींची पालखी मुक्कामाला असते. संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती एकदा बघायला ये. हजारो माणसं, शेकडो टाळ, असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सगळं चिडीचूप. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणाला जागा मिळाली नाही, कुणाशी भांडण झालं, तर त्या दिंडीने टाळ थांबवायचे नाहीत अशी पद्धत आहे. सगळा तळ गप्प, आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतायत. चोपदार तिकडे जातो, काय झालं ते ऐकून घेतो, त्यावर काहीतरी ठरतं, आणि मगच आरती सुरू होते. तक्रार करणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की तुझी श्रद्धा कमी.

तुझा 'का?' म्हणजे त्या कोपऱ्यातला टाळ आहे. तो थांबवू नकोस. दिवा लावायचा नसेल तर काही दिवस नको लावूस. सासूबाईंना सांग, खर्च करायचाच असेल तर पावशेर तूप आणा आणि मला बेसनाचे लाडू करून घाला. बाळंतिणीसारखीच तुझी कंबर दुखत असणार, त्याकडे कुणी पाहिलं नसेल.

लातूरहून

"आक्का, मी १९ वर्षांचा आहे. नीटची दुसऱ्यांदा तयारी करतोय. मी देव मानत नाही. दिवाळीत गावी गेलो होतो, लाइट गेली होती, गच्चीवर पडलो होतो. मोबाइलवर आकाशाचा नकाशा लावून देवयानी दीर्घिका शोधली. कापसाच्या बोळ्यासारखा पुसट ठिपका. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय हे मला पाठ होतं, पण तेव्हा एकदम रडू आलं. मग वाटलं, या आकाशापुढे ७२० पैकी माझे मार्क काय आणि मी तरी काय. याला अध्यात्म म्हणतात का? आणि मी आरतीला उभा राहत नाही म्हणून वडील बोलत नाहीत. काय करू?"

बाळा, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: 'आणि मी तरी काय'. आकाश बघून आपण लहान वाटणं हे चांगलं. त्यात खांद्यावरचं ओझं उतरतं, माणूस हलका होऊन खाली येतो, आईला म्हणतो, भूक लागली. पण आपण नसलो तरी चालेल असं वाटणं निराळं, त्याने माणूस जड होतो. तुझं कुठलं होतं ते तुलाच माहीत. दुसरं असेल, किंवा कधी कधी दुसरं असतं असं असेल, तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस म्हणतात, सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि गच्चीवरून उतरून घरातल्या कुणाला तरी हे सांग, अगदी न बोलणाऱ्या वडिलांनाही. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी मुलं किती एकटी असतात ते मला माहीत आहे, माझा भाचा त्यातूनच गेलाय.

रडू आलं त्याचं म्हणशील, तर मी तुला माझ्या खोलीतली गोष्ट सांगते. तू जीवशास्त्र शिकतोस, तुला कळेल. पोटात असेपर्यंत बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक दार उघडं असतं. बाहेर आल्यावर पहिल्या काही श्वासांत तो द्रव फुप्फुसांतून निघून जातो, हवा भरते, रक्त फुप्फुसांकडे वळतं, आणि दाब बदलल्यामुळे ते दार लागतं. नऊ महिने एका पद्धतीने चाललेला संसार एका मिनिटात दुसऱ्या पद्धतीने सुरू होतो, आणि बहुतेक वेळा आपण फक्त पुसत उभे असतो.

बहुतेक वेळा. कधी कधी बाळ रडत नाही. अंग निळसर, हातपाय लुळे. मग त्याला कोरडं करायचं, पाठ चोळायची, तोंड-नाक साफ करायचं, आणि तरीही नाही तर अंबू बॅग लावून हवा द्यायची. सगळं एका मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवं. त्या मिनिटात मी देवाचं नाव कधी घेतलेलं नाही. वेळच नसतो, डोक्यात आकडे चालू असतात. पण बाळ रडलं, की खोलीत एक आवाज व्हायचा. डॉक्टर, आया, मी, दाराबाहेरची आजी, सगळ्यांचाच एकदम सुटलेला श्वास. ते दार कसं लागतं हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, दहाव्या वर्षी एका डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. अकराव्या वर्षीही मी तशीच उभी राहायचे, डोळे पुसत, मास्क ओला. याला अध्यात्म म्हणायचं का हे मी कधी ठरवलं नाही. नोंदवहीत त्याचा रकाना नव्हता.

आता आरती. न मानता टाळ्या वाजवणं तुला खोटं वाटत असेल तर वाजवू नकोस. पण आरती संपल्यावर तबक सगळ्यांपुढे फिरवायला एक माणूस लागतो, प्रसाद वाटायला लागतो. ते काम घे. त्याला काही मानावं लागत नाही. आणि वडिलांना एक दिवस गच्चीवर घेऊन जा. त्यांना तो बोळा दिसेपर्यंत गप्प बसायचं, शिकवायचं नाही.

डोंबिवलीहून

"मी ७१ वर्षांचा निवृत्त अधिकारी. गेली नऊ वर्षं पहाटे चारला उठून ११ माळा जप करतो, पारायणं झाली, शिबिरं झाली. तरी राग जात नाही. जप चालू असताना सूनबाईंनी मिक्सर लावला की संताप होतो. प्रगती का दिसत नाही? कुठली साधना वाढवावी?"

दादा, वाढवू नका. आहे त्यातल्या दोन माळा कमी करा.

मला तुमच्या पत्रातून एवढंच कळलं नाही, की पहाटे चारला तुमच्या आंघोळीचं पाणी कोण तापवतं, आणि मिक्सरमध्ये कुणासाठी काय वाटलं जातं. सून नोकरी करत असेल तर सहाच्या आत चटणी वाटल्याशिवाय तिचा डबा व्हायचा नाही आणि लोकल चुकेल. डोंबिवलीला चुकलेल्या लोकलचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. वाचलेल्या वेळात खोबरं खवून ठेवा, लसूण सोला. एकदा मिक्सर तुम्हीच लावा. झाकण हाताने दाबून धरायचं, नाहीतर भिंत रंगते.

प्रगती झाली का ते सूनबाईंना विचारा, मला नको. त्यांनी हसून काही उत्तर दिलं तर मला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.

सोलापूरहून

"आक्का, मी ६३ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुली पुण्यात आणि परदेशात. मी एकटी सगळं करते. गेल्या आठवड्यात भरवताना त्यांनी तोंड फिरवलं, वरण माझ्या अंगावर सांडलं, आणि मी त्यांच्या हातावर जोरात चापट मारली. ते नुसते बघत राहिले. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शेजारणी म्हणतात, सावित्री आहेस. मला सावित्री व्हायचं नाहीये, मला आठ तास झोप हवीय. प्रवचनात ऐकते, सेवा हीच साधना. माझ्यात साधना कुठे दिसत नाही, नुसता कंटाळा दिसतो. मी पापी आहे का?"

ताई, तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि दिवा मालवून बराच वेळ बसून राहिले.

माझे यजमान एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. २०११ साली त्यांना झटका आला. तुमच्यासारखंच, उजवी बाजू आणि वाचा. ते चार वर्षं अंथरुणावर होते. मला वाटलं होतं, मी सिस्टर, मला काय अवघड. दर दोन तासांनी गजर लावून कूस बदलायचे. माकडहाड, खुबा, टाचा तपासायचे. अंथरुणाची जखम होऊ दिली नाही, याचा मला मोठा तोरा होता. आणि तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, रात्री अडीचला, नुकती बदललेली चादर पुन्हा ओली झाली तेव्हा मी हातातला तांब्या भिंतीवर फेकला. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लागला. भिंतीला पडलेला खड्डा अजून आहे. घराला दोनदा रंग दिला, तो बुजवू दिला नाही.

तेव्हा पापाचं मला विचारू नका, मी त्याच बाकावर बसलेली आहे. झोपेचं विचारा, ते मला नक्की कळतं. दोन वर्षं सलग न झोपलेल्या माणसाला वॉर्डात ड्यूटी लावत नाहीत, कारण त्याच्या हातून चूक होते. तुम्हाला कुणी रजा दिलेली नाही. मुलींना आज रात्रीच फोन करा. 'जमलं तर बघा' असं म्हणू नका, सरळ आकडा सांगा: रात्रीची मदतनीस बाई हवी, महिन्याला एवढे लागतात, तुम्ही दोघींनी वाटून द्यायचे. हवेची गादी आणा, म्हणजे दोन कुशींच्या मधे थोडी सवड मिळते, कूस मात्र बदलावीच लागते. त्यांनी तोंड फिरवलं ते कदाचित हट्टाने नसेल. झटक्यानंतर गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जाईल अशी भीती वाटते. भरवताना पाठीला उशा लावून ताठ बसवा, घोट लहान ठेवा, पातळ वरणाने ठसका लागत असेल तर घट्टसर द्या, आणि गिळण्याची एकदा वाचा-उपचार तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. तुमचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजलात? उद्या मोजा.

प्रवचनकार म्हणतात सेवा हीच साधना. म्हणू देत. त्यांनी एकदा रात्री अडीचला चादर बदलून बघावी आणि मग वाक्य कायम ठेवायचं का ते सांगावं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती तुम्हाला उपयोगी पडेल का, माहीत नाही. २०१३ ची वारी. पालखी फलटणला आली की माझ्या अंगणात दरवर्षी पंचवीस-तीस वारकरी उतरतात. मी पिठलं-भाकरी करते, आणि रात्री पायांची मलमपट्टी. तरडगावहून चालून आलेल्यांच्या टाचांना हे एवढाले फोड असतात. ते फोडायचे नाहीत, धुवायचे, मलम लावायचं, स्वच्छ कापड बांधायचं. त्या वर्षी मराठवाड्यातली एक म्हातारी होती, सत्तरीच्या पुढची, नऊवारी, कपाळाला बुक्का. तिचे पाय बांधताना आतून यांचा आवाज आला. त्यांना तेव्हा 'बा' एवढाच एक शब्द उरला होता. पाणी हवं तरी 'बा', दुखलं तरी 'बा'. म्हातारी म्हणाली, "मालक झोपून हायेत का? मग माझा हरिपाठ आत बसूनच म्हणते की, त्यांच्याबी कानावर पडंल." मला संकोच वाटला, खोलीला वास होता. ती थांबलीच नाही, बांधलेल्या पायांनी फरपटत आत गेली आणि यांच्या उशाशी खाली बसली.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हरिपाठाच्या पालुपदावर मला दोन आवाज ऐकू आले. एक तिचा, एक पुरुषाचा. वाटलं, दुसरा कुणी वारकरी आत गेला असेल. पिठाच्या हातांनी जाऊन पाहिलं तर हे म्हणत होते. 'बा' नाही, सगळे शब्द, ओळीने, सुरात. डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर ताल धरून. दोन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. थोडा बदलला होता, घोगरा झाला होता, पण त्यांचाच.

हरिपाठ संपला. मी म्हटलं, "अहो, चहा हवा का?" ते म्हणाले, "बा."

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, तिथे इजा झाली की शब्द जातात. पण लहानपणापासून तोंडात बसलेलं गाणं निराळ्या वाटेने बाहेर येऊ शकतं. त्यावर बेतलेले उपचारही आहेत. मी सिस्टर असून मला ते माहीत नव्हतं, आणि घरात माळकरी माणूस असून मी दोन वर्षं त्यांच्यापाशी बसून एकही अभंग म्हटला नव्हता. गजर लावत होते, टाचा तपासत होते. तुमच्या यजमानांना काय पाठ होतं ते आठवून बघा. आरती असेल, लावणी असेल, शाळेतली कविता असेल. भरवताना नको, भरवून झाल्यावर. नाही जमलं तर नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचो. त्यानेही माझी चिडचिड संपली नाही. तांब्याची रात्र त्यानंतरचीच आहे. पण त्या रात्रीनंतरच्या संध्याकाळी मी म्हणायला बसले नाही, तेव्हा त्यांनी एकट्यानेच सुरू केलं आणि पालुपदापाशी थांबून माझ्याकडे बघत राहिले. २०१५ च्या थंडीत ते गेले.

म्हातारी त्या रात्री झोपायला जाताना मला म्हणाली होती, "सकाळी दोन सेफ्टी पिना देशील का गं बाई, पदराला नाहीत." मी हो म्हटलं. पहाटे पालखी हलली, दिंडी गेली, आणि पिना द्यायच्या राहिल्या. मी नाव विचारलं नव्हतं, दिंडीचा नंबरही नाही. पुढच्या वर्षांत शोधलं तिला, पण नऊवारीतल्या, बुक्का लावलेल्या म्हाताऱ्या तिथे हजारोंनी असतात. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, अंगण मोकळं राहिलं. आता माझा एक गुडघा बदललाय, खाली मांडी घालता येत नाही, तर स्टुलावर बसून पाय बांधते. मलमाच्या डब्यात पिनांचा पुडा ठेवलेला असतो.